चित्तिणीशी बोलणारी बाई

चिमणाबाईनं लिंबाच्या डहाळीनं चित्तिणीच्या नाकावरची माशी हाकलली आणि अर्ध्यावर राहिलेली गोष्ट पुढं सुरू केली. चित्तीण बाजेवर दोरांनी बांधलेली होती. डोळ्यांवर कातड्याची टोपी, गळ्यात पट्टा, आणि पोट असं धपापत होतं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुठून तरी पळत आली आहे. ती पळत मुळीच आली नव्हती. कुठल्याशा परक्या रानात पकडून, जहाजात घालून, मग आगगाडीच्या डब्यात चढवून तिला कोल्हापुरात आणलं होतं. आल्यापासून ती चित्तेखान्याच्या अंगणात चिंचेखाली पडून होती आणि चिमणाबाई तिच्या कानाशी बोलत होती.

हे काम बायकांचंच. नवं जनावर आलं की त्याला मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, बोलायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या झाकल्या डोळ्यांच्या जनावराजवळ माणसाचा आवाज चालू राहिला पाहिजे. शेजारणीला शिव्या द्या, सुनेची गाऱ्हाणी सांगा, काय वाटेल ते बोला, पण थांबू नका. आवाजाची भीती गेली की माणसाची भीती जाते, मग ते जनावर शिकारीच्या बैलगाडीत मांजरासारखं बसतं, असं चित्तेवानांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणणं होतं.

खरं तर हे काम जमादार इलाहीच्या बायकोचं, सुलतानबीचं. पण यंदा तिचा घसा बसला तो काही केल्या उठेना. त्याच सुमाराला सुया, दोरे आणि फण्या विकत मंगळवार पेठेतून फिरणारी एक बुटकी बाई दारात आली. एक फणी खपवायला ती इतकं बोलली, इतकं बोलली, की सुलतानबीनं फणी घेतली नाही, बाईच ठेवून घेतली.

"काय बी बोला," इलाहीनं तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं. त्याच्या मिशा मोठ्या आणि आवाज मिशांहून मोठा. "पर तोंड मिटू नगा. गप बसलासा की जनावर बिचाकतंय."

"ते सोडा हो जमादार. गप बसायचंच काम जमत न्हाय मला," ती म्हणाली होती.

राहायला वैरणीच्या कोठीशेजारची खोली मिळाली. खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. चिमणाबाईनं ती कडी लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावून बघितली. आजवर ती जिथं जिथं राहिली, तिथली कडी बाहेरून असायची, नाही तर नसायचीच. आता पुढं कुठं जायचं नाही, असं तिनं त्या कडीवर हात ठेवून ठरवून टाकलं. माणूस ठरवतं आणि काम वेगळंच निघतं, तसं हेही काम निघालं. ते जितकं चांगलं करावं तितकं लवकर संपणार होतं. चित्तीण माणसाळली की बोलणारीची गरज काय?

सुरुवातीला ती मराठीत बोलली. फण्यांचे प्रकार सांगितले, रंकाळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांची भांडणं सांगितली. मग तिच्या लक्षात आलं, की मराठीत आपल्याजवळ सांगण्यासारखं फारसं नाहीच. मराठीत तिनं विकलं होतं, घासाघीस केली होती, हो-ला हो म्हटलं होतं. एका दुपारी चिंचेची बारीक पानं चित्तिणीच्या ठिपक्यांवर गळत होती, सगळं आवार पेंगत होतं, आणि तिच्या तोंडून आपसूक कानडी आली. चित्तिणीचा एक कान हळूच तिच्याकडं वळला.

कोल्हापुरात कानडी बोलणारे काही कमी नव्हते. पण ती पेठेतली, दुकानातली कानडी. चिमणाबाईची कानडी विजापूरच्याही पलीकडच्या काळ्या रानातली होती, आणि ती बोलणारी तिच्या ओळखीची सगळी माणसं दुष्काळात संपली होती. इतकी वर्षं ती भाषा तिनं कुणापुढं काढली नव्हती. तरी ती गेली कशी नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि मग तिला इतका आनंद झाला, की तिनं त्या दुपारी सगळं आयुष्यच सांगायला घेतलं.

आधी खडीची गोष्ट. दुष्काळात सरकारनं आगगाडीचा रस्ता काढला, त्यावर ती आणि तिची आई खडी फोडायला गेल्या. मुकादम म्हणाला, पोरगी केवढी, हातोडा केवढा. आई म्हणाली, हातोडा वाढायचा नाही, पोरगी वाढेल. पोरगी वाढली, पण ते बघायला आई उरली नाही. मग बेळगावच्या लष्करात साहेबाच्या घरी ती आया झाली. निळ्या डोळ्यांचं पोर तिच्या मांडीवर वाढलं, तिच्याशिवाय झोपेना झालं, आणि एके दिवशी बोटीत बसून विलायतेला निघून गेलं. मग नाटकमंडळीत. राण्यांची कामं करणाऱ्या पुरुषांचे शालू ती धुवायची, निखाऱ्याच्या इस्त्रीनं कडक करायची, आणि त्यांना निऱ्या काढून द्यायची. गावोगाव मंडळींच्या गाड्या पुढं, ती मागून चालत. मंडळी मोडली तेव्हा प्लेग आला होता. गावाबाहेर प्लेगच्या छावणीतल्या झोपड्यांत ती आजाऱ्यांना पाणी पाजत बसली. डॉक्टरांनी तिला जखम धुवायला शिकवलं, नाडी बघायला शिकवलं. रोग हटल्यावर सरकारनं झोपड्या जाळल्या आणि तिचं कामही त्यातच जळलं. मग सूतगिरणी, मग खोकला, मग फण्यांची पाटी.

बोलता बोलता ही सगळी गावं एकमेकांत मिसळायची. बेळगावच्या बंगल्यातला पाळणा छावणीतल्या झोपडीत टांगलेला असायचा, नाटकातली राणी शालू खोचून खडी फोडायला बसायची, आणि आई गिरणीच्या दाराशी उभी असायची. चित्तिणीला त्यात काही वावगं वाटत नसे. ती हनुवटी पंजांवर ठेवून ऐकायची, आणि तिच्या गळ्यातून घरघर यायची, लांबवर कुणी जातं ओढावं तशी.

कामागणिक नाव बदललं होतं. मुकादमानं तिला गंगी केलं, मडमेनं आया, नाटकवाल्यांनी अक्का; छावणीत ती दाई झाली, गिरणीत विठाबाई आणि कोल्हापुरात, उंचीवरून, चिमणाबाई. आईनं ठेवलेलं नाव आईबरोबरच खडीच्या ढिगाखाली राहिलं. ते ठाऊक असलेलं माणूस आता जगात कुठंच नव्हतं.

चित्तिणीला तिनं नाव दिलं होतं, निंगी. हे नाव कुठलं, ते तिला कुणी विचारलं नाही.

पावसाळा सरला. चित्तिणीच्या डोळ्यांवरची टोपी आता जेवणापुरती निघू लागली. मधासारखे पिवळट डोळे उघडून ती आधी चिमणाबाईला शोधायची, मग तिच्या हातातल्या लाकडी पळीतलं मटण शांतपणे खायची. इलाही खूश होता. दसऱ्यानंतर महाराजांचे पाहुणे शिकारीला येणार होते, आणि नवी चित्तीण त्यांच्यापुढं सोडायची असं वरून ठरलं होतं. काळविटामागं धावणं तिला कुणी शिकवायला नको होतं. धावून झाल्यावर हाकेला परत येणं, तेवढंच शिकवायचं होतं. एका सकाळी इलाहीनं पळी आपल्या हातात घेतली.

"आ बेटा, आ. खा."

चित्तिणीनं कान मागं पाडले.

इलाहीनं मराठीत सांगून बघितलं, घरच्या दख्खनीत सांगून बघितलं, गोंजारून बघितलं, शेवटी दरडावून बघितलं. चित्तीण दोराच्या टोकापर्यंत मागं सरकली आणि थरथरत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पळीकडं बघितलंसुद्धा नाही. इलाहीनं आजवर कितीतरी चित्ते हाताळले होते, त्याचा बाप आणि आजाही त्याच आवारात चित्ते हाताळत म्हातारे झाले होते, पण असलं जनावर त्यानं बघितलं नव्हतं.

शेवटी सुलतानबीनंच बसक्या घशानं कोडं सोडवलं.

"तिला तुमचं बोलणं कुटलं कळतंय? चिमणाबाई तिच्यासंगं कानडी बोलती."

इलाहीनं पळी खाली ठेवली.

"कानडी?"

चिमणाबाईनं मान खाली घातली. "तुमीच म्हनलासा, काय बी बोला."

"काय बी म्हंजे मराठीत काय बी, बाई!"

तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. चिमणाबाईला शिकारीवर न्यावं म्हटलं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. शिकारीच्या गाडीवर बाई चढत नाही, हा चित्तेखान्याचा जुना दंडक, आणि इलाही असल्या गोष्टींत फार कडक. चित्तीण हाकेला आली नाही, तर ती शिकारीच्या कामाची नाही. मग तिला जन्मभर पिंजऱ्यात घालून लोकांना दाखवायला ठेवणार, हेही त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळानं तो चिमणाबाईपुढं येऊन मांडी घालून बसला.

"शिकवा," तो म्हणाला. "मला येती की थोडी. एष्टू. ब्याडा."

"ते बाजारचं झालं जमादार. केवढ्याला आणि नगं. चित्तीण काय भाजी इकतीया व्हय?"

सुलतानबी दारात तोंडाला पदर लावून हसत होती.

तेव्हापासून सकाळी सकाळी चित्तेखान्यात शाळा भरू लागली. भिऊ नको, याला अंजब्याड. जेव, याला ऊटा माड. इलाही प्रत्येक शब्द असा उच्चारायचा, की चिंचेवरचे कावळे उडून जावेत. सगळ्यात महत्त्वाची होती परत बोलावायची हाक.

"बारव्वा निंगी, होत्तातू," चिमणाबाई म्हणाली.

"म्हंजे?"

"ये बाई निंगी, दिवस बुडाला."

"दिवस तर डोक्यावर हाय."

"असू द्या की. तिला ह्याच हाकंची सवं हाय."

इलाहीनं हाक मारली. चित्तीण बाजेखाली शिरली. शब्द बरोबर होते, पण त्या शब्दांना एक हेल होता. 'निंगी' म्हणताना आवाज वर चढत नाही, खाली उतरतो. हाक मारणारीला ठाऊकच असतं, की पोर फार लांब नाही. चिमणाबाईनं इलाहीला शब्द दिले, हेल दिला नाही. विसरली नव्हती. रोज त्याची ती चढ्या आवाजातली हाक ऐकून ती "बरं हाय, जमतंय" म्हणायची, आणि चित्तीण आली नाही की आपणच हळूच बोलावून तिला खाऊ घालायची. मग संध्याकाळी खोलीत जाऊन कडी लावायची. आपण वाईट वागतो आहोत, हे तिला कळत होतं. कडीचा आवाज ऐकून बरं वाटायचं तेही खरं होतं.

दसऱ्याच्या अलीकडं चाकांचा एक पिंजरा अंगणात येऊन उभा राहिला. नवा, काळा रंग दिलेला. पाहुणे यायच्या आधी माळावर चाचणी व्हायची होती; तीत चित्तीण परतली नाही, तर तिला त्यातूनच घेऊन जायची होती. इलाही त्या दिवशी जेवला नाही. चिमणाबाई पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून आली. आत पाणी ठेवायला भांडं होतं, गवत अंथरलं होतं, सगळं व्यवस्थित होतं. कडी बाहेरून होती.

 ती तडक इलाहीकडं गेली.

"जमादार, मी तुमास्नी नीट शिकवलं न्हाय."

इलाहीनं वर बघितलं.

"तुमी हुकूम सोडतासा. हुकूम न्हाय सोडायचा. भाकरी थापून झालीया. हाताला पीठ हाय. दारात उभं ऱ्हाऊन पोरीला हाक मारायची. ती लांब न्हाय, हितंच खेळतीया. तिलाबी म्हाईत हाय, तुमास्नीबी म्हाईत हाय. आवाज चढवायचा न्हाय, खाली सोडायचा."

"कुनाची आई मारायची अशी हाक?"

"मारायची कुनाची तरी."

"आनि निंगी म्हंजे काय?"

"नाव हाय."

"कुनाचं?"

चिमणाबाईनं बाजेवरच्या चित्तिणीकडं बोट दाखवलं. इलाहीनं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज खाली सोडून हाक पुटपुटून बघितली.

ती खोलीकडं वळली तेव्हा सुलतानबी मागून आली.

"शिकीवलंस त्येला. आता तुझं काय?"

"माझं काय? मला सवं हाय भाबी," चिमणाबाई म्हणाली, आणि आढ्याला टांगलेली फण्यांची पाटी तिनं खाली काढली.

चाचणीच्या दिवशी बैलगाडी पंचगंगा ओलांडून पलीकडच्या माळावर गेली. गाडीत पोत्यावर चित्तीण बसली होती, डोळ्यांवर टोपी घालून, आणि शेजारी इलाही. चिमणाबाई डोक्यावर पाटी घेऊन मागून चालत होती. गाडीमागून चालायची तिला सवय होती. चाचणी झाली की माळाच्या कडेनं जाणारी सडक धरायची, मग ती सांगलीला जावो की आणखी कुठं, असं तिनं ठरवलं होतं. निरोप घ्यायचा झाला तर रडू येईल, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

माळावरचं गवत पिकून तांबूस झालं होतं. सकाळचं ऊन त्यावर इतकं मऊ पडलं होतं, की सगळा माळ कुणीतरी वाळत घातलेल्या जुन्या शालूसारखा दिसत होता. दरबारचा एक अंमलदार घोड्यावर बसून लांबून बघत होता. चिमणाबाई बाभळीखाली पाटी ठेवून बसली आणि तिनं माळाकडं पाठ केली. तिला बघवणार नव्हतं.

तरी तिला सगळं ऐकू आलं. काळविटांच्या खुरांचा आवाज. टोपी निघाली, दोर सुटला, तेव्हाची ती लहानशी शांतता. मग गवतातून काहीतरी सरसरत गेलं, वाऱ्याच्या आधी वारा गेल्यासारखं. मग पुन्हा शांतता, आणि ती लांबतच गेली. काळवीट निसटलं होतं. झेप चुकलेली चित्तीण लांब गवतात फतकल मारून बसली होती, आणि अशा वेळी जनावर रुसतं, कुणाचं ऐकत नाही, हे चिमणाबाईलाही आता ठाऊक झालं होतं.

"बारव्वा निंगी!"

इलाहीचा आवाज चढला होता. घोड्यावरच्या माणसापुढं तो सगळं विसरला होता. पुन्हा तीच हाक, आणखी मोठ्यानं. चित्तीण हलली नाही. घोडा फुरफुरला. आता पिंजरा, असं चिमणाबाईच्या मनात आलं आणि तिनं बाभळीचं खोड घट्ट धरलं.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. इलाहीनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं असेल, नाही तर तो नुसताच खाली बसला असेल. मग त्याचा आवाज आला, थकलेला, बेताचा. हुकूम सोडणाऱ्या माणसाचा नव्हे, भाकरी करून उठलेल्या माणसाचा.

"बारव्वा निंगी. होत्तातू."

हाक गवतावरून आली. चिमणाबाईला समोर बाभळ दिसली, आणि बाभळीच्या जागी दार दिसलं, दारात उभी असलेली बाई, पिठाचे हात, मागं चुलीचा उजेड. खेळ अर्धा टाकायला नको वाटलं आणि भूकही लागली होती.

"ओ," ती म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. आपणच ओ दिली, हे तिला जरा उशिरा कळलं. तिनं वळून बघितलं. चित्तीण गवतातून चालत येत होती, सावकाश, घरी यावं तशी, आणि इलाहीपुढं येऊन तिनं पळीत तोंड घातलं. घोड्यावरच्या माणसानं हात वर करून घोडा फिरवला आणि तो निघून गेला. पण इलाही त्याच्याकडं बघत नव्हता. पळी हातात धरून तो बाभळीकडं बघत होता.

 चित्तिणीचं खाऊन होईपर्यंत तो थांबला, टोपी चढवली, तिला गाडीत घेतलं, दोर बांधला. चिमणाबाईनं पाटी उचलून डोक्यावर ठेवली आणि ती सडकेच्या दिशेनं वळली. ऊन आता चांगलंच वर आलं होतं.

"बारव्वा निंगी," मागून हाक आली. "होत्तातू."

ती थांबली. चित्तीण तर केव्हाच गाडीत बसली होती, हनुवटी पंजांवर ठेवून. इलाही चाकाजवळ उभा होता. त्यानं गाडीतलं पोतं उचलून झटकलं, चित्तिणीला थोडं पलीकडं सरकवलं आणि पोतं मोकळ्या जागेत नीट पसरलं.